पानिपतहून परत

ट्रंकेतून रजई काढली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी नऊ वर्षांची होऊन लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरच्या खिडकीत उभी राहिले.

बाबा ऑफिसच्या कामाने दोन तासांवरच्या पानिपतला गेले होते. आदल्या दिवशीच शाळेत पानिपतच्या लढाईचा धडा झाला होता. त्यात अंधार पडला तरी बाबांचा पत्ता नव्हता.

"आई, पानिपतहून माणसं परत येतात ना?"

"अगं वेडे, बसने येतात," आई हसली. पण कणीक मळताना तीही दाराकडेच बघत होती.

बाबा आले, ही रजई घेऊन.

आता माझा मुलगा त्याच हायवेने रोज पानिपतला नोकरीला जातो. नातीच्या पुस्तकातही तोच धडा आहे. कोण लढलं, कोण हरलं, सगळं आहे. घरी वाट बघणाऱ्या बायका अजून त्यात आलेल्या नाहीत.

अंधार पडलाय. मुलाचा फोन लागत नाही. मी कणीक मळायला घेते.