उपटलेल्या खुंट्या

नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं, शेतकऱ्यांत वावरायचं म्हणजे बोलण्याला तोटा नाही. प्रत्यक्षात मी दिवसभर हातवारे करत होतो. मी दुर्बिणीपाशी, मोजपट्टी धरणारा मजूर शेताच्या दुसऱ्या टोकाला आणि मधे लाल मातीचा उघडा उतार. मी हात उजवीकडं केला की तो उजवीकडं सरके, खाली केला की पट्टी ठेवून विडी काढी. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. शहराबाहेर, येलहंकाच्या पलीकडच्या उतारांवर नाचणीच्या शेतांतली माती दर पावसाळ्यात वाहून जात होती, आणि ती अडवायला सरकार शेतमालकांना समपातळीचे बांध घालून देत होतं. त्या बांधांची रेषा आखणं माझं काम.

राहायला खोली मिळाली ती बसवनगुडीत, म्हणजे शहराच्या बरोब्बर उलट्या टोकाला. घरमालक देवमाणूस, पण माझं बेळगावकडचं कानडी ऐकलं की त्यांच्या घरातली झाडून सगळी माणसं हसायची. त्यात वाईट हेतू नव्हता. पण रोज कुणाच्या करमणुकीला उभं राहायचं? मी बोलणंच कमी केलं. कधी कधी शनिवारी संध्याकाळी खोलीत आलो की सोमवारी कंडक्टरकडं तिकीट मागेपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. एकटेपणाचं काही लोक कौतुक करतात. मला तो नुसता कंटाळवाणा आजार वाटला, आजही वाटतो.

उताराच्या माथ्यावरचं शेत एका विधवा बाईचं होतं. बांधांचं काम वरून खाली करत यायचं असतं. वरचं पाणी अडलं नाही तर खालचे बांध फुटतात. म्हणून तिचं शेत आधी. अंगणात उभा राहून मी कानडीत तयार केलेलं भाषण सुरू केलं. तिनं थोडं ऐकून घेतलं आणि माझा हेल ओळखून मराठीत विचारलं, "तुझं घर कुठलं रे?"

तिच्या सासरचे लोक कैक पिढ्यांपूर्वी इकडं आलेले. गावात सगळा व्यवहार कानडीत, मराठी फक्त नवऱ्याशी. तो जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. "तेव्हापासून ही भाषा तोंडात नुसती पडून आहे बघ," ती म्हणाली. तिनं बांधाला संमती दिली. मी रेषा आखून खुंट्या ठोकल्या, तिच्या हातची कॉफी प्यालो आणि पोटभर मराठी बोललो. निघेपर्यंत मी तिला अक्का म्हणू लागलो होतो.

पुढच्या आठवड्यात मजूर घेऊन गेलो तर खुंट्या गायब.

"शेळ्यांनी उपटल्या असतील," अक्का म्हणाली. "सरी, बरं, परत आख की. जाताना स्वल्प कॉफी घे."

परत आखल्या, परत गेल्या. मग रेषा चिंचेच्या झाडाला फार चिकटून जाते अशी तिची तक्रार निघाली. खालचे शेतकरी वैतागले, आमचे साहेब त्याहून जास्त. पेरणीआधी माथ्यावरचा बांध झाला नाही तर सगळा उतारच या वर्षीच्या कामातून वगळू, असं त्यांनी बजावलं. मी शेळ्यांच्या नावानं बोटं मोडत होतो, पण येलहंकाच्या बसमध्ये बसलो की दर खेपेला बरंच वाटायचं.

एकदा हात धुवायला परसात गेलो. न्हाणीच्या चुलीमागं माझ्या खुंट्या होत्या. जळणासाठी टाकलेल्या नव्हत्या. धुऊन, टोकं एका बाजूला करून, काथ्यानं मोळी बांधून ठेवल्या होत्या.

"तुमच्या शेळ्या फार टापटिपीच्या आहेत, अक्का," मी म्हणालो.

ती हसली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "बांध झाला की तू खालच्या शेतात जाणार. मग पुढच्या गावात. मग इकडं कशाला येशील?"

मला भयंकर राग आला. माती चाललीय, लोक खोळंबलेत, साहेब माझ्यावर डाफरतात, सगळं बोललो.

"माती इतकी वर्षं चाललीच आहे रे," ती म्हणाली. "तिची विचारपूस करायला सरकारनं माणूस तरी धाडला."

मी मोळी उचलून शेतात गेलो आणि दुर्बीण लावली. थोड्या वेळानं ती मागून आली, मोळी स्वतःच्या काखेत घेतली आणि रेषेवरून चालत एकेक खुंटी माझ्या हातात देत गेली.

बांध पेरणीआधी झाला. खालच्या शेतांचेही झाले. माझं काम पुढच्या गावात सरकलं आणि रविवार पुन्हा पूर्वीसारखे झाले. पाऊस चांगला होऊन गेल्यावर अशाच एका रविवारी मी काही काम नसताना बस पकडली. अक्का दारातच होती. मला पाहून घाबरली.

"काय मोडलं?"

"काही नाही. सहज आलो."

सहज येणाऱ्या माणसाची तिला सवय नव्हती आणि मला सहज कुठं जाण्याची. कॉफी झाली. पूर्वी बोलायला शेळ्या होत्या, चिंच होती, भांडायला रेषा होती. आता दोघं भिंतीला टेकून रिकाम्या पेल्यांकडं बघत बसलो. मला फार वाईट वाटलं. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "त्या पलीकडच्या टोकाला पाणी बांधावरून जातंय स्वल्प. बघून तरी ये की."

गेलो. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी शांत तुंबलं होतं, बांधावर लावलेल्या गवतानं मूळ धरलं होतं. पाणी कुठूनही वरून जात नव्हतं. त्या टोकाला मी जरा वेळ उगाच उभा राहिलो.

परत येऊन म्हणालो, "जातंय खरं. एकदा बघून भागायचं नाही, अक्का. पुढच्या रविवारी परत यावं लागेल."