सगळ्यांनी मिळून लिहिलेली बाई

बारामतीत माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर 'गाव' उघडून बसायचं, असा माझा काही वर्षं नेम होता. गाव म्हणजे आमचा विकी, एक अशी वेबसाइट की जिच्यातलं कुठलंही पान कुणीही उघडावं, त्यात भर घालावी, नाहीतर दुसऱ्याने लिहिलेलं खोडावं. उजनी धरणाच्या पाण्याखाली एक गाव आहे आणि तिथे अजून माणसं राहतात, अशी कल्पना करून आम्ही सगळे मिळून त्या गावाची गोष्ट लिहीत होतो. कुणी देवळाचं पान लिहिलं, कुणी न्हाव्याचं, कुणी नुसतं एका भांडखोर म्हशीचं.

सुरुवात आबांनी केली. आबा पळसदेवकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या वडलांचं घर धरणात गेलेलं. "गेलेलं गाव आठवून रडण्यापरीस नवं गाव वसवू," ते म्हणायचे. वेबसाइट उभी करून दिली ती बारामतीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी. इंदापूरला नर्स असलेली एक बाई होती, तिला आम्ही सिस्टरच म्हणायचो. काटेवाडीचे एक तात्या होते, त्यांचा गाईंचा गोठा होता आणि धारा काढून झाल्या की ते फोनवर बोटाने असे संवाद लिहायचे की वाचताना हसू आवरायचं नाही. आणि मी. आम्ही पाचजण एकमेकांना प्रत्यक्ष ओळखत होतो. बाकी लिहिणारे बरेच होते, पण ते नुसती नावं, तीही घेतलेली.

नियम दोनच होते. खऱ्या माणसाला गावात आणायचं नाही, आणि काही बदललं तर खाली कारण लिहायचं. कुलूप कुठल्याच पानाला नव्हतं. मला सुरुवातीला त्याची भीती वाटली होती. आबा म्हणाले होते, "अगं, वाईट लिहिणारा एक असंल, तर नीट करणारे दहा असत्यात. इश्वास ठिवायचा." आणि खरंच तसं चाललं होतं. कुणी येऊन शिव्या लिहून गेला तर चहा होईपर्यंत कुणीतरी त्या पुसलेल्या असायच्या.

मग 'काठावरचा' आला.

त्याने हे नाव घेतलं होतं. पहिले काही महिने तो फक्त शुद्धलेखन सुधारत होता. माझा तो धंदाच, त्यामुळे मला त्याचं काम लगेच डोळ्यात भरलं. तो कधी कुणाचं वाक्य मोडायचा नाही, वाद घालायचा नाही, नवख्यांना समजावून सांगायचा. चर्चेच्या पानावर मीच दोनदा त्याचं कौतुक केलं. पुढे आम्ही त्याला व्यवस्थापक केलं. म्हणजे पान काढून टाकायचा आणि एखाद्याला बंदी घालायचा अधिकार त्याला मिळाला. त्याला भेटू या, असं एकदा सिस्टर म्हणाली होती. त्याने उत्तर दिलं, "गावात भेटतोच की रोज."

गावात मासेवालीचं एक पान होतं. आबांनीच लिहिलेलं, चार ओळींचं. काठावर मासे वाळवते आणि वाळवताना माशांशी बोलते, एवढंच. काठावरच्याने ते पान हातात घेतलं आणि थोडं थोडं वाढवायला लागला. तिच्या खोपटाला निळं पत्र्याचं दार आलं. दाराशी एक पांढरी शेळी आली, एका डोळ्याने आंधळी. मग लिहिलं, की तिच्या डाव्या हाताची करंगळी नाही. ती लोकांना सांगते की माशाने खाल्ली, पण खरं तर ती कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाला एक वाक्य आलं, की पाण्यात कोण जाणार हे हिला आधीच कळतं.

त्या वाक्यापासून पान बदललं. तिच्याकडून मासे घेतलेल्या घरातलं पोर तापाने फणफणलं. तिने ज्याच्या दाराकडे पाहिलं, त्याच्या गोठ्यातलं दूध नासलं. लिहिलेलं इतकं चांगलं होतं की अंगावर काटा यायचा. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या गावात तेवढं चांगलं कुणीच लिहिलं नव्हतं. वाचणारे वाढले. त्या पानाचे फोटो काढून लोक व्हॉट्सअॅपवर पाठवू लागले. फोटोत पानाचा वरचा भाग, जिथे 'ही काल्पनिक कथा आहे' असं लिहिलेलं होतं, तो कापलेला असायचा.

मे महिन्यात पाणी खूप खाली गेलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं. सिस्टरला रविवारची सुट्टी होती. ती आणि मी तिच्या स्कूटरवरून देऊळ बघायला निघालो. अलीकडच्या एका वस्तीवर चहाला थांबलो. टपरीवर तीन-चार माणसं बसली होती. आम्ही विचारलं, ताजे मासे कुठे मिळतील?

चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "फाट्यावरनं घ्या. हितलं नगा घेऊ."

"का?" सिस्टरने विचारलं.

"नगा घेऊ म्हणलं नव्हं," बाकावरचा एकजण म्हणाला. "पाण्यात कोण जाणार त्ये तिला आधी कळतंय."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. आमच्या पानातलं वाक्य, शब्द न् शब्द, त्या माणसाच्या तोंडून येत होतं. वाचलेलं सांगतोय असं त्याच्या आवाजात काही नव्हतं. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसा तो बोलला.

आम्ही गाळातून वाट काढत काठाकडे चालत गेलो. काही अंतरावरूनच मला निळं दार दिसलं. दाराशी पांढरी शेळी बांधलेली होती आणि आमची चाहूल लागताच तिने मान पूर्ण वळवली, कारण अलीकडच्या डोळ्याने तिला दिसत नव्हतं. बाई बाहेर आली. साठीच्या पुढची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. टोपलीत चिलापी मासे होते, ओल्या गोणपाटाखाली.

"घ्या की ताई," ती म्हणाली. "का तुमी बी ऐकलंय?"

"काय ऐकायचं?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मला कोण सांगतंय व्हय? माणसं येत न्हाईत, येवढं दिसतंय. काल एकीनं पोरीच्या तोंडावर पदर वढला मला बघून. म्या त्या पोरीला आंघूळ घातलेली हाय, बाळंतपनात."

तिने तराजू उचलला. डाव्या हाताला चारच बोटं होती. आम्ही मासे घेतले. देवळापर्यंत आम्ही गेलोच नाही.

त्याच दिवशी आम्ही आबांच्या घरी गेलो. आबांना मासेवालीचं पान कुठवर गेलंय याची कल्पना नव्हती. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे ते काही महिने वाचत नव्हते. सिस्टरने फोनवरून त्यांना सगळं वाचून दाखवलं. आबा ऐकता ऐकता खाटेवर सरळ होऊन बसले.

"ती माझ्या वळखीची हाय," ते म्हणाले. "मी तिच्यावरनंच लिवलं हुतं. पर नुसतं माशांशी बोलती, येवढंच. दार, शेरडू, ह्ये काय मी लिवलं न्हाय."

"आणि बोट?"

"बोटाचं तिनं फकस्त मला सांगितलं हुतं. लोकास्नी ती माशानं खाल्लं म्हणूनच सांगती. मी त्ये एकदाच बोललो. तात्यांच्या रानात. हुरड्याला."

त्या हुरड्याला आम्ही पाचजणच होतो. काटेवाडीत तात्यांनी उसाशेजारी खास हुरड्यासाठी ज्वारीचा तुकडा राखला होता. आगटीभोवती बसून आबा बोलले होते आणि शेवटी म्हणाले होते, कुणाला सांगू नका, तिला आवडायचं न्हाय. मला ते आठवलं. सिस्टरलाही आठवलं असणार, कारण तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

आम्ही पानातला तो सगळा भाग काढून टाकला. कारण लिहिलं: खऱ्या व्यक्तीशी साम्य. थोड्या वेळाने मजकूर जसाच्या तसा परत आला. खाली कारण होतं: 'कथेची गरज.' पुन्हा काढला, पुन्हा आला. आबांनी नातवाकडून चर्चेच्या पानावर टाईप करून घेतलं, "बाबा, तू जो कुणी असशील, ती बाई जिवंत हाय, तिला त्रास होतोय. हात जोडतो." उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांना आपलंच गाव उघडेना. पडद्यावर एकच ओळ होती: 'कायमची बंदी. कारण: गावाच्या हिताविरुद्ध वर्तन.'

मी सरांना दुकानात बोलावून घेतलं. काठावरचा कुठून लिहितो ते बघा म्हटलं. त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर बसून बराच वेळ खटपट केली.

"मोबाइलच्या नेटवरून लिहितोय. पत्ता दर वेळी बदलतो. बारामती, भिगवण, इंदापूर, काही सांगता येत नाही."

"नक्की?"

त्यांनी खुर्ची वळवली. "मॅडम, तुम्ही मला विचारताय की माझ्यावर संशय घेताय?"

ते काय सांगत होते ते खरं की खोटं, हे कळण्याइतकं मला त्यातलं कळत नव्हतं. त्यांनी मात्र दुसऱ्या मिनिटाला सगळी वेबसाइटच बंद करून टाकली. आमचं गाव, म्हैस, न्हावी, देऊळ, सगळं एका दमात गेलं. उठताना ते म्हणाले, "तात्यांचा मोबाइल बघितलाय का कुणी? ते मराठी किती शुद्ध लिहितात मनात आलं तर." ते असं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

वेबसाइट बंद करून काही उपयोग झाला नाही. आमचं लिखाण कुणीही घ्यावं, कुठेही वापरावं, अशी आम्हीच पहिल्या पानावर मोकळीक दिली होती, आणि ते घेतलं गेलं होतं. आठवड्याभरात सिस्टरच्या दवाखान्यात एका पेशंटच्या फोनवर तिने व्हिडिओ पाहिला. संथ आवाजात कुणीतरी मासेवालीची गोष्ट वाचत होतं आणि मागे उजनीच्या पाण्याचं चित्र होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, ही अमुक वस्तीवर राहते, मी पाहिलीय.

सिस्टर, आबा आणि मी पोलिसांकडे गेलो. हवालदार सज्जन होता, त्याने पाणी विचारलं, सगळं ऐकून घेतलं.

"नाव हाय का कुठं त्या बाईचं?"

"नाही."

"गावाचं?"

"नाही. पण सगळं तिचंच आहे."

"आणि ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली कुणी?"

आबा म्हणाले, "मी."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. तरी तो एकदा वस्तीवर जाऊन आला, लोकांना जादूटोणाविरोधी कायद्याची भीती घालून आला. त्याने झालं एवढंच की टपरीवरची माणसं बाहेरच्यासमोर बोलायची थांबली. मग एका सकाळी बाईची शेळी पाण्यात मेलेली सापडली. दावं कापलेलं होतं. ती शेळीला कडेला ओढून आणत असताना लोक उभं राहून बघत होते. कुणीतरी म्हणालं, बघा, तिला आधीच कळलं असंल. हे आबांनी मला फोनवर सांगितलं.

तिच्या लेकीने येऊन तिला कळंबला नेलं.

आम्ही पाचजण त्यानंतर एकत्र आलो नाही. तात्यांचा एकदा फोन आला. "ताई, माझ्यावर डाऊट हाय का तुमाला?" मी नाही म्हटलं. "माझा हाय बगा," ते म्हणाले, "तुमच्यावर. वाईट वाटून घेऊ नका. शुद्धलेखन तुमचं चांगलं हाय, म्हून." ते रागात नव्हते. मला राग आला नाही, उलट आश्चर्य वाटलं की हे मला आधी का सुचलं नाही, की बाकी चौघं माझ्याविषयी हेच बोलत असतील. सिस्टरशी मी अजून बोलते. पण बोलताना घरातलं काही सांगत नाही, आणि तीही सांगत नाही. काठावरचा कोण होता ते आजतागायत कळलेलं नाही. त्याने पैसे मागितले नाहीत, बाईशी कुणाचं वैर निघालं नाही. गोष्ट चांगली होत होती म्हणून त्याने ती पुढे नेली, यापलीकडे मला कारण सापडत नाही, आणि या कारणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

दिवाळीनंतर मी एकटीच कळंबला गेले. लेकीचं घर ऊसपट्ट्यात, रस्त्यापासून आत. बाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते तिला सांगितलं, विकी म्हणजे काय तेही जमेल तसं सांगितलं. ती शेंगा फोडतच राहिली.

शेवटी म्हणाली, "म्हंजी लई जणांनी मिळून लिवली मला."

"हो."

"आन पुसाया कुणाला जमंना."

"नाही जमलं."

लेकीची सासू चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने मला स्पष्ट सांगितलं, "ह्या हितंच ऱ्हात्यात. आमचं काय म्हणणं न्हाय." तेवढ्यात बांधावरून शेजारची एक सून आली, कडेवर पोर, हातात फोन. ती अंगणाच्या तोंडाशीच थांबली. बाईकडे बघितलं, मग फोनकडे, मग परत बाईच्या हाताकडे.

"मावशी," तिने सासूला हळूच विचारलं, "ह्याच का त्या?"

बाईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि डावा हात पदराखाली घेतला. सासू काही बोलायच्या आत ती सून पोराचं तोंड खांद्यावर दाबून मागे फिरली होती.