ठोक्याने न वाजवलेला अल्बम

गॅरेजमध्ये ठोकाठोक आणि बँडमध्येही ठोकाठोक, म्हणून त्याचं नाव ठोक्या पडलं. दिवसा तो आपटलेल्या गाड्यांचे पोचे काढी आणि संध्याकाळी एका गोदामात ड्रम बडवी. बँड थ्रॅश मेटलचा. म्हणजे गिटार करवतीसारखी, गाणारा घसा फोडून ओरडणारा आणि ड्रमवाला सगळ्यांच्या पुढे पळणारा. पळण्यात ठोक्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ह्या गड्याची आयुष्याकडे एकच मागणी होती. आपण वाजवलेलं एकदा तरी अल्बमवर यावं आणि तिथंच राहावं. पण अल्बम दरवर्षी पुढच्या वर्षी असायचा. दरम्यान लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, कपाळ वर सरकलं. शेवटी एकदाचा स्टुडिओ ठरला, तर तोवर गिटारवाल्याला प्रोग्रेसिव्ह रॉकचं वारं लागलं होतं. त्याला लांबलचक गाणी हवी होती, मध्येच शांत जागा, कीबोर्ड आणि वर सात मात्रांचा ताल. ठोक्याचा जन्म चार मात्रांत गेलेला.

"एक मात्रा जास्त मारतोयस," गिटारवाला म्हणायचा.

"तुझीच एक कमी आहे," ठोक्या म्हणायचा. ह्यावरून रोज खटके उडायचे.

स्टुडिओत आधी ड्रम रेकॉर्ड होतात. ठोक्याने जीव ओतून वाजवलं, चुकलं तिथे सणसणीत चुकलं. काचेपलीकडून गिटारवाला म्हणाला, "झकास. तू जा घरी, पुढचं आम्ही बघतो." कधी नव्हे तो वाद न घालता सोडतोय म्हटल्यावर मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण हा शीळ घालत घरी गेला.

अल्बम आला तेव्हा बायको भाजी चिरत होती. पहिल्या गाण्यावर ठोक्या मान हलवत होता. दुसऱ्यात ती शांत जागा आली आणि तिच्यामागून सात मात्रांत ड्रम सुरू झाले, नेटके, काटेकोर. ठोक्याची मान थांबली. आवाज त्याच्याच ड्रमचा होता, पण हे त्याने आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. त्याचे ठोके कॉम्प्युटरवर कापून हवे तिथे चिकटवले होते.

"काय सुंदर वाजवलंयस रे," बायको म्हणाली. इतकी वर्षं ती फक्त डोकं उठतं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तो गोदामात भांडायलाच गेला. "मला विचारलंस का?"

"सगळे ठोके तुझेच आहेत. बाहेरचा एकही नाही."

"ठोके माझे. वाजवलं कुणी?"

गिटारवाला तारा पुसत राहिला. मग म्हणाला, "तुला जमेपर्यंत थांबलो असतो तर अल्बम आला असता का? खरं सांग."

ते खरंच होतं, आणि खरं होतं ह्याचाच ठोक्याला जास्त संताप आला. त्यात गिटारवाल्याने मीठ चोळलं. "शनिवारी कार्यक्रम आहे. लोक अल्बमवरचंच ऐकायला येणार. तेवढं बसवून ये."

घरी तो मांडीवर उशी घेऊन, कानाला हेडफोन लावून काठ्या आपटायला लागला. बायकोला हसू आलं. "आपलंच वाजवलेलं काय बसवतोस?"

"मी नाही वाजवलेलं ते," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. ती बाजूला बसली.

"मग ह्यात तुझं म्हणून काय आहे?" तिने विचारलं. टोचायला नाही, खरंच कळेना म्हणून.

ठोक्याने अल्बम पहिल्यापासून लावला आणि स्वतःला शोधत बसला. एखादी घाई, एखादा वेडावाकडा ठोका, काहीही चाललं असतं. शेवटच्या गाण्यापर्यंत तो कुठेच सापडला नाही. मग त्याने दुसरं गाणं परत लावलं आणि बसवायला घेतलं, कारण शनिवार जवळ आला होता.