ओंडक्याचं बारसं

पहाटे साडेचारला बबनचा दिवस सुरू व्हायचा. भाईंदरच्या लाकडाच्या वखारीत तो हमाल होता तेव्हाही, आणि वखार बंद पडून घरी बसला तेव्हाही. फरक एवढाच, की आता उठून उचलायचं काही नव्हतं. म्हणून तो चहाचा पेला घेऊन दाराबाहेर यायचा आणि आंब्याच्या ओंडक्यावर बसायचा.

ओंडका वखारीतलाच. तिथे हमालाने बसायचं नाही, असा मुकादमाचा दंडक होता. बसला की खाडा. बबनने जन्मभर लाकूड वाहिलं, पण लाकडावर कधी टेकला नाही. वखार मोडताना शेठ म्हणाला, "बबन, काय पायजे ते ने." बाकीच्यांनी सागाच्या फळ्या नेल्या. बबनने कुणाला नको असलेला वाकडा ओंडका खांद्यावर घेतला आणि केबिन रोडमागच्या चाळीत आणून टाकला.

"सागवान सोडून सरपण आणलंत," त्याची बायको दुर्गा म्हणाली.

"बसायला आणलंय."

"मग बसा."

तो बसला. पावसापाण्यात ओंडका कुजत गेला, पण बैठक मोडली नाही.

एका श्रावणात सकाळीच एक चष्मेवाली बाई गल्लीत आली, थबकली आणि थेट बबनसमोर गुडघ्यांवर बसली. बबनला वाटलं, नमस्कार करतेय. त्याने हात वर करून "सुखी राहा" म्हणून टाकलं.

"थँक्यू काका. जरा पाय बाजूला घ्या ना."

बाईचं नाव मृणालिनी. मीरा रोडला राहायची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि कुजक्या लाकडावरच्या बुरशा शोधत हिंडायची. बबनच्या पायांमागे ओंडक्याला कानाएवढ्या दोन चकत्या फुटल्या होत्या. वरून शिळ्या भाकरीसारख्या, खालून जांभळट, आणि त्या जांभळटावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं.

"अळंबी नाय ती," दुर्गा दारातून म्हणाली. "बाकीच्या मी कुकरला लावून बघितल्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, चामडं ते चामडंच."

"काकी! अनोळखी अळंबी खातात का?"

"खाल्ली कुठे? चावलीच नाय."

मृणालिनी दोन्ही चकत्या घेऊन गेली. महिन्याभराने आली ती जवळजवळ धावतच. तिने चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या, ठाऊक असलेल्या सगळ्या जातींशी ताडून पाहिल्या होत्या, एक तुकडा तपासणीला धाडला होता. कशाशीच जुळत नव्हतं. अजून कुणी नाव न ठेवलेली जात दिसत होती. पण दोन चकत्यांच्या जोरावर असं कसं छापणार? याच ओंडक्याला ती पुन्हा यायला हवी होती. तोवर त्यावर कुणी बसायचं नाही. औषध, फिनेल, हळद, काही म्हणजे काही लावायचं नाही. आणि आली, की ओंडका कॉलेजात न्यायचा.

"म्हणजे बुरशी आली, की माझी बैठक गेली," बबन म्हणाला.

"हो काका."

"आणि नाय आली तर?"

"मग नाव राहिलं. ओंडका तुमचा."

बबनने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि उठला. "बरं. राखतो."

तिने राखणीचे पैसे देऊ केले. तो भडकला. "न बसण्याचे कसले पैसे? अंग हललं तर मजुरी."

तेव्हापासून तो उभ्याने चहा प्यायला लागला. संध्याकाळी ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसणारा शेजारी धाकूही उभा. "काय बबन्या," धाकू म्हणायचा, "मुकादम परत आला काय?"

वर्ष फिरून पुढचा भाद्रपद उजाडला तरी बुरशीचा पत्ता नाही. मग एका शुक्रवारी बबनला ओंडक्याच्या मागच्या अंगाला पिवळं दिसलं. हळद. वर कुंकवाची बोटं. एका शुक्रवारची नव्हती, थर होता.

तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशीही गप्प राहिला. नुसतं गप्प राहिलं, की बैठक शाबूत. कुणाला कळणारही नव्हतं. चहा पिताना पोटऱ्या दुखत होत्या त्या वेगळ्याच. पण खांद्यावर घेतलेलं लाकूड अर्ध्या वाटेत टाकायचं नाही, हे त्याला वखारीत कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने बादली आणली आणि ओंडका हलक्या हाताने धुवायला घेतला.

"अहो, हे काय?" दुर्गा धावत आली. "नाव ठेवायचंय म्हणाली ना ती? हळदकुंकवाशिवाय बारसं होतं होय?"

"आधी बाळ जन्माला येऊ दे, दुर्गे. हळदीने मरतं ते."

दुर्गाने जीभ चावली. "मी तर मानाने तांदळाचं धुवणसुद्धा टाकायची बंद झाले इथे. पूर्वी रोज ओतायची."

"मग ओत. मान पुरे झाला."

मृणालिनीला फोनवर त्याने सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की बबनला फोन कानापासून लांब धरावा लागला. ओला राहू दे, म्हणाली.

नवरात्राच्या सुमाराला चकत्या आल्या. यंदा रांगच. खालून तशाच जांभळट, तशीच भोकं. मृणालिनीने पुन्हा सगळं तपासलं. तीच जात निघाली.

"काका, तुमचं नाव देऊ?"

"बुरशीला? वखारीत लाकूड कुजलं, की शिव्या आम्हालाच पडायच्या. गावाचं दे."

म्हणून ती भाईंदरेन्सिस झाली. दुर्गाने साखर वाटली. हळद डब्यातच ठेवली.

ओंडका न्यायला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. ड्रायव्हर पुढे झाला तसा बबन ओरडला, "ए, हात लगाना नहीं!" त्याने पंच्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, धाकूकडून हात लावून घेतला आणि ओलं, कुजकं धूड डोक्यावर घेऊन निघाला. टेम्पोत ठेवलं तेव्हा एकही चकती दुमडली नव्हती.

"काका, आता तरी पैसे घ्या."

"आता घेणारच." त्याने हमालीचा चालू दर सांगितला. तिने वर काही ठेवलं ते परत केलं.

संध्याकाळी तो केबिन रोडला गेला. दुकानदाराने स्टूल पुढे केलं. "चाचा, असली शीशम. सौ साल चलेगा."

"लकडी नहीं मंगता. कुछ उग गया तो फिर उठना पडेगा."

हमालीत आली ती लाल प्लास्टिकची खुर्ची. हात टेकायला दांडे असलेली.