मागून सरकणारी गाडी

मेव्हण्याने पहिल्यांदा सांगितलं की गाडी मागून सरकते, तेव्हा मी एका ट्रेलरखाली उताणा पडलो होतो आणि बाहेर यायचं जिवावर आलं होतं. मी खालूनच म्हटलं, "टायरमधली हवा बघ." मला त्याचे बूट तेवढे दिसत होते. मग ते बूट निघून गेले.

उरणच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. काम गाडीच्या खालचं. स्प्रिंगचे पाटे, रबरी बुश, शॉकॲब्जॉर्बर, ॲक्सल. बंदरावर जाणारे-येणारे ट्रेलर दारात रांग लावून असतात. सत्तावीस वर्षं हेच केलं. वडील मिठागरात राबले, त्यांचे पाय गेले. माझी कंबर चालली आहे. हल्ली दुपारनंतर खाली वाकलो की वर येताना हात कुठे टेकवायचा ते आधी बघून ठेवावं लागतं.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, स्वतःचे दोन ट्रेलर आहेत. पण त्याचा जीव एका जुन्या चौकोनी गाडीत. मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी, दुसरं इंजिन बसवलेली, आतून सीट काढून हलकी केलेली. ही गाडी तो सरळ रेषेच्या शर्यतीत पळवतो. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, चारशे मीटरवर जो पुढे तो जिंकला. वळण नाही, काही नाही. बारा-तेरा सेकंदांत सगळं आटपतं. त्या सेकंदांसाठी तो वर्षभर खपतो. मला त्यात कधी फारसा रस नव्हता. पण गाडीचं खालचं काम मीच करायचो, कारण घरचा माणूस.

पुढच्या शर्यतीला मी त्याच्याबरोबर गेलो. एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. उन्हात उभा राहून पाहिलं. गाडी सुटली, दुसऱ्या गिअरपर्यंत तीर. तिसऱ्यात गेली आणि मागचा भाग उजवीकडे सरकला. फार नाही, एखाद वीत. मग गिअर बदलताना झटक्याने परत डावीकडे. नाक हललं, त्याने सावरलं, पण तोवर शेजारची गाडी निघून गेली होती.

तो परत आला, हेल्मेट काढलं. चेहरा पांढरा पडला होता.

"दाजी, बघितलंत ना?"

"बघितलं. तू मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतोस. गॅस सुटला का मागचं हलणारच."

"मी पाय न्हाय उचलला."

"उचलतोस. तुला कळत न्हाय."

आजूबाजूला दुसऱ्या गाड्यांची चार माणसं उभी होती. त्यातला एक हसून म्हणाला, वय झालं की पाय आपोआप उचलला जातो. बाकीचे हसले. मेव्हणाही थोडं हसला. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

तरी पुढचे तीन रविवार मी गाडी घेतली. नाही म्हणता येत नव्हतं. पहिल्या रविवारी टायर उजवीकडचे डावीकडे घातले. दोष टायरचा असता तर गाडी दुसऱ्या बाजूला सरकली असती. मोकळ्या प्लॉटवर त्याने पळवून पाहिली, सरकली ती उजवीकडेच. दुसऱ्या रविवारी मागचे दोन्ही शॉकॲब्जॉर्बर काढले, हाताने दाबून पाहिले, दोन्ही सारखे. बुश पाहिले, टॉमीची पहार घालून हलवले, कुठे खेळ नाही. तिसऱ्या रविवारी चारही चाकांपासून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या, दोरी ताणली आणि आडवी-तिडवी मापं घेतली. मागचा ॲक्सल काटकोनात होता. इकडच्या आणि तिकडच्या मापात एक सूतही फरक नव्हता.

मी दोरी गुंडाळली आणि म्हणालो, "गाडी ठीक हाय. आता तुझ्यात काय असेल तर बघ."

हे मी रागाने म्हणालो नाही. दमलो होतो म्हणून म्हणालो. पण ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग.

तो म्हणाला, "बरं," आणि गाडी घेऊन गेला. नंतर दोन आठवडे फिरकला नाही. मला बरंच वाटलं.

मग एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "तो पनवेलला जाऊन डोळं तपासून आला."

"कशाला?"

"तुम्ही सांगितलंत ना, तुझ्यात काय असेल तर बघ. डोळं बघितलं, ब्लडप्रेशर बघितलं. डॉक्टर म्हणाला काय न्हाय. आता त्याची बायको सांगते, शर्यतीच्या आदल्या दिवसापासून जेवत न्हाय. गाडी इकायची म्हणतो."

मी भात कालवत राहिलो.

"माझा भाऊ हाय तो," ती म्हणाली. "तो खोटं बोलत न्हाय. लहानपणी मार खाल्ला पण खोटं न्हाय बोलला. तो म्हणतो पाय उचलला न्हाय, तर न्हाय उचलला."

दुपारी ट्रेलरखाली पडल्या पडल्या तिचं बोलणं डोक्यात फिरत राहिलं. त्याचं खरं मानलं, तर मग काय उरतं? गाडी उभी असताना सरळ आहे, जोर लागला की वाकडी होते. मी सगळी मापं उभ्या गाडीची घेतली होती. ट्रेलरच्या बाबतीत मी हे कधी केलं नसतं. रिकाम्या ट्रेलरचं माप घेऊन भरल्या ट्रेलरबद्दल बोलणाऱ्याला मी हाकलून दिलं असतं. मेव्हण्याच्या गाडीला मात्र तेवढा विचारही दिला नव्हता.

त्याला फोन केला. "रविवारी ये. गाडी घेऊन ये."

"इकायचीच हाय आता, दाजी."

"इक, पण आधी ये."

रविवारी सकाळी गॅरेजच्या मागे एक भरलेला ट्रेलर उभा होता. गाडीच्या मागच्या हुकातून जाड साखळी घेऊन ती ट्रेलरला बांधली. साखळीला थोडीही ढील ठेवली नाही, ताणूनच बांधली. खाली कोणी जायचं नव्हतं, साखळी तुटली तर माणूस जातो. म्हणून बायकोचा फोन व्हिडिओ चालू करून लोहचुंबकाच्या स्टँडला लावला आणि गाडीखाली आधी डाव्या बाजूला चिकटवला, मग उजव्या. मागचा ॲक्सल चार आर्मनी, म्हणजे लोखंडी दांड्यांनी, बॉडीला धरलेला असतो. गाडी पुढे जाते ती खालचे दोन आर्म बॉडीला ढकलतात म्हणून. त्यातला एक जरी जोराखाली हलला तर ॲक्सल तिरका होतो, आणि मागची चाकंच गाडी वळवायला लागतात. ते हलणं मला बघायचं होतं.

मी बाजूला उभा राहिलो आणि हात वर केला. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. गाडी साखळीवर ताणली गेली, मागून बसली, चाकं घासली. मी हात खाली केला. पुन्हा एकदा. मग फोन दुसऱ्या बाजूला. तो काही विचारत नव्हता. सांगितलं तेवढं करत होता, आणि त्याचं ते मुकाट वागणं मला जड जात होतं.

फोनच्या छोट्या पडद्यावर मला काही दिसेना. चष्मा लावला तरी दिसेना. काळ्या रंगावर काळं. गाडी गॅरेजवरच ठेवून मी घरी गेलो, तेव्हा बायकोने फोन मागितला, कुणाला तरी लावायचा होता. तिने तो व्हिडिओ चालू असलेलाच हातात घेतला. ती ब्लाउज शिवते, तिची नजर बारीक आहे. तिने एकदा पाहिला, मागे नेला, परत पाहिला.

"हे उसवतंय का इथं?"

"कुठं?"

"हे बघा. गाडी ओढायला लागली का इथली शिवण उघडते. सोडली का मिटते."

मी फोन डोळ्यांजवळ धरला. डाव्या खालच्या आर्मचा ब्रॅकेट, जिथे बॉडीला जोडलेला होता, तिथे केसाएवढी रेघ फाकत होती. ब्रॅकेट दोनेक सूत पुढे जात होता आणि जोर गेला की जागेवर येऊन बसत होता. म्हणून मापं बरोबर येत होती. म्हणून गिअर बदलताना झटका बसत होता. सगळं जुळलं.

"सापडलं का?" तिने विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

मला सापडलं होतं, आणि तो ब्रॅकेट कोणी लावला तेही माहीत होतं.

सोमवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधी मी एकटाच त्या गाडीखाली गेलो. खालचा जाड काळा लेप खरवडला. वेल्डिंगचा माग दिसला. माणसाचं अक्षर ओळखावं तसा वेल्डरला आपला हात ओळखता येतो. दोन वर्षांपूर्वी मीच तो ब्रॅकेट बसवला होता. आमच्याकडे खारं वारं लोखंडाला आतून खातं, वरून रंग चांगला दिसतो. त्या वेळीही दिसत होता. ब्रॅकेट बसवताना मला पत्र्याचा आवाज बद्द आला होता, हातोडी मारल्यावर. पत्रा कापून काढायला हवा होता, नवा तुकडा लावून मगच वेल्डिंग मारायला हवं होतं. अर्ध्या दिवसाचं काम वाढलं असतं. संध्याकाळ झाली होती, दिवसभरात चार ट्रेलर केले होते, पाठ भरून आली होती. मी म्हटलं, चालेल. वरून दुहेरी वेल्डिंग मारलं, लेप लावला आणि घरी गेलो.

ते विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे. पण लेप खरवडायला लागलो तेव्हा माझा हात रेघेकडे न जाता थेट त्या बद्द वाजलेल्या पत्र्याकडे गेला.

तिथे पडल्या पडल्या मनात आलं, की दुरुस्त करून टाकावं. पत्रा कापावा, नवा लावावा, तडा गेला होता म्हणून सांगावं. तडा काय, कुठेही जातो. जुनी गाडी आहे. कोणी विचारणार नव्हतं. मेव्हण्याने तर आभारच मानले असते. मी हे बराच वेळ मनात घोळवलं. ते चुकीचं आहे म्हणून सोडून दिलं असं नाही. त्याने डोळे तपासून घेतले होते, ते मला गिळता येईना.

त्याला बोलावलं. खाली यायला सांगितलं. दोघं शेजारी उताणे पडलो, मी बॅटरी धरली आणि टॉमीने ब्रॅकेट उचकटून दाखवला. तडा उघडला, आतून तांबड्या गंजाची भुकटी त्याच्या शर्टावर पडली.

"हे मी केलेलं वेल्डिंग," मी म्हणालो. "आतला पत्रा सडलेला होता. मला तेव्हाच कळलं होतं. तसंच मारलं."

त्याने बोट त्या रेघेवरून फिरवलं.

"म्हणजे मी पाय उचलत नव्हतो."

"न्हाय."

"मी त्या लोकांसमोर हसलो, दाजी."

"माहीत हाय."

तो सरकत बाहेर गेला. मला वाटलं, गेला. मी खालीच राहिलो. थोड्या वेळाने तो समोरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आला, एक माझ्या हाताजवळ जमिनीवर ठेवला आणि बाकड्यावर जाऊन बसला. आपला चहा संपवून म्हणाला, "आता काप."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला एकेरीत सांगितलं. मी कापलं.

काम दोन दिवस चाललं. डावी बाजू कापली, मग उजवीही, कारण तिथेही पत्रा अर्धा गेलेला होता. चांगल्या लोखंडापर्यंत जाऊन नवे तुकडे बसवले, आतून पट्टी दिली. हात डोक्याच्या वर धरून वेल्डिंग मारताना दर पाच मिनिटांनी थांबावं लागत होतं. तो शेजारीच बसून होता. बोलणं कामापुरतं. संपल्यावर पुन्हा साखळी बांधून ताणून पाहिलं, फोन लावून दोन्ही बाजू पाहिल्या. या वेळी बायको स्वतः गॅरेजवर आली होती. तिने व्हिडिओ पाहून मान हलवली.

पुढच्या शर्यतीला आम्ही तिघं गेलो. तिसऱ्या गिअरला मी मागच्या चाकांकडे बघत होतो. गाडी सरळ गेली. तो जिंकला नाही, शेजारची गाडी जास्त ताकदीची होती. पण सरळ गेला, आणि परत आला तेव्हा डबा उघडून सगळ्यांदेखत दोन चपात्या खाल्ल्या. मागच्या वेळी हसलेला माणूस जवळच होता. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, पाय उचलला नव्हता, माझं वेल्डिंग सुटलं होतं. तो म्हणाला, असं होय, आणि आपल्या गाडीकडे वळला. त्याला काही देणंघेणं नव्हतं. मला मात्र तेवढं बोलायला सकाळपासून धीर गोळा करावा लागला होता.

मेव्हण्याने गाडी विकली नाही. पण गाडीच्या खालचं पुढचं काम निघालं तेव्हा त्याने ते पनवेलच्या एका वेल्डरला दिलं. मला आधी येऊन सांगितलं. "तुमची पाठपण दुखते, दाजी," म्हणाला. पुन्हा अहोजाहो. मी म्हटलं, बरं केलंस. खरंच बरं केलं होतं. तरी त्या दिवशी मला काम सुचलं नाही, हातोडी घेऊन एकाच पाट्यावर कितीतरी वेळ बसलो होतो.

आता डोक्यावरचं वेल्डिंग मी घेत नाही. संध्याकाळी चारनंतर कुठलंच वेल्डिंग घेत नाही. ट्रेलरवाले कटकट करतात, दुसरीकडे जातात. जातात तर जाऊ दे.