मामंजींची पहिली आगबोट : दासगाव ते भाऊचा धक्का

नात क्रूझने गोव्याला निघाली आहे. बॅग भरता भरता ती मला मोबाईलवरून वाचून दाखवत होती, बोटीवर पहिल्यांदा चढलेला माणूस कसा ओळखावा आणि तो कुठे कुठे चुकतो. मी म्हटलं, मला काय सांगतेस, हा विषय मी कोळून प्यायले आहे. मग लिहून दे, मी टाकते ब्लॉगवर, असं तिनं फर्मावलं. म्हणून हा खटाटोप. नेमकं साल विचारू नका. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं, पोलादपुरात एसटी आलेली होती आणि बाणकोटला मुंबईची आगबोट थांबत होती, एवढं पुरे.

माझं माहेर महाडचं, भर बाजारपेठेतलं. सातवी पास झाले आणि लग्न होऊन पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत येऊन पडले. दहा-बारा घरं, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला. आमचे हे गिरणीत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी घरात आले तेव्हाच त्यांना समोरच्या माणसाची सावली तेवढी दिसायची. मला ते पायांच्या आवाजावरून ओळखायचे.

अशा माणसाला एकटं टाकून मुंबईला बिऱ्हाड करणं शक्यच नव्हतं. चार वर्षं नवरा मला गणपतीत आणि शिमग्याला भेटत होता. म्हणून शिमग्याला आल्यावर ह्यांनी सांगितलं की मुंबईच्या सरकारी इस्पितळात डोळ्याचं ऑपरेशन होईल, तेव्हा मी मनात म्हटलं, आता काही झालं तरी म्हाताऱ्याला तिथं पोचवायचंच. मामंजींना दिसायला लागलं तर माझा संसार सुरू होणार होता. देवाकडे मी त्यांची दृष्टी मागत होते, त्यातली निम्मी माझ्यासाठी होती. त्यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मामंजी तयार होईनात. एसटीत बसलं की पोलादपूर ते महाड एवढ्याशा वाटेत त्यांचं पोट ढवळायचं, मुंबईपर्यंत तर मी मेलोच म्हणून समजा, असं त्यांचं म्हणणं. मग बोट ठरली. ह्यांना रजा नव्हती, ते आधी परत गेले. सासऱ्याला न्यायचं काम माझ्यावर आलं. सुनेनं सासऱ्याला घेऊन दर्यातून जायचं म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली. मुरडू दे. मी लहानपणी वडिलांबरोबर एकदा बोटीनं मुंबईला जाऊन आले होते, आणि बोटीत एकदा बसलेला माणूस स्वतःला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, समजतो.

नवखा माणूस बोट दिसायच्या आधीच ओळखू येतो. मामंजींनी लग्नात नेसायचं कोरं धोतर काढलं आणि पांढराशुभ्र फेटा बांधला. आगबोट कोळशावर चालते, वरून काजळी पडते, असं मी परोपरीनं सांगितलं, पण ऐकतो कोण. सामान म्हणाल तर तांदूळ, नाचणीचं पीठ, सुकी मासळी आणि वर लाकडाची एक मोळी. मुंबईत लाकूडही विकत घ्यावं लागतं, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ती मोळी मी दोनदा अंगणात ठेवून निघाले आणि दोन्हीदा मामंजींनी सामान चाचपून ती नसल्याचं ओळखलं. शेवटी डोक्यावर घेतली.

पोलादपूरहून एसटीनं महाड, महाडहून दासगाव. दासगावच्या धक्क्यावरून सावित्रीच्या खाडीतून लाँच बाणकोटला जायची, पण तिचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवणार. तुम्ही आता तिकडे गेलात तर दासगाव हमरस्त्यावर लागेल, गाड्या न थांबता पुढे कशेडी घाटाकडे पळतात. जरा थांबा आणि खाली पाण्यापर्यंत उतरा. तिथून बाणकोटपर्यंतची खाडी, दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये संथ पाणी, हा साऱ्या प्रवासातला सगळ्यात सुखाचा भाग होता. आता लाँच नाही, पण खाडीच्या तोंडाशी वेसवीहून बागमांडल्याला गाड्या नेणारी फेरीबोट आहे, तिच्यात बसलात तरी अंदाज येईल. लाँचमध्ये मामंजींनी मध्येच हात बाहेर काढून पाणी चाखलं आणि खारट लागलं तेव्हा कुठं त्यांना आपण घरापासून लांब आल्याची खात्री पटली.

बाणकोटला मुक्काम पडला. सकाळी धक्क्याजवळच्या खानावळीत मी चहा आणि कोरडी भाकरी घेतली. बोटीआधी पोट रिकामं ठेवू नये आणि तडस लागेतो भरूही नये, हे आमच्या वडिलांचं शास्त्र. मामंजींनी मात्र आमटी-भात दोनदा घेतला. पुढे अन्न कधी दिसेल कुणास ठाऊक, असा त्यांचा हिशेब.

आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, आणि पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, माणसं तिच्यापर्यंत न्यायचे. तिच्या कुशीत एक दार असे. लाट पडावाला वर उचलायची, क्षणभर पडाव दाराशी यायचा, आणि तेवढ्यात पाय टाकायचा. दारातला खलाशी दोन्ही दंड धरून आत ओढून घ्यायचा. चुकलात तर पडाव पुन्हा खाली. आमच्या पुढे महाडचा एक तरणाबांड दुकानदार होता. तो खाली बघायचा, पाय उचलायचा, परत घ्यायचा. खलाशी वैतागले होते.

आमची पाळी आली तेव्हा मामंजींनी माझं मनगट घट्ट धरलं. आमच्या डोंगरात पावसाळ्यात ओढा ओलांडताना माणसं एकमेकांची मनगटं धरून साखळी करतात आणि पलीकडे पोचेपर्यंत कुणी कुणाला सोडत नाही. समुद्रावर नेमकं तेच चालत नाही. खलाशी वरून ओरडला, हात सोडा, दोघं एकदम येणार नाहीत.

"पाण्यात हात सोडायचा नसतो," मामंजी म्हणाले. "बापानं शिकवलाय मला."

बोटीचा भोंगा झाला. ही बोट गेली तर इस्पितळातला दिवस चुकणार आणि म्हातारा पुन्हा वाडीतून हलणार नाही, हे मला दिसत होतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, इथं ज्याचं त्यानं चढायचं असतं, पडाव वर आला की मी हाक देते, तेव्हा पाय टाका.

"तू नको सांगूस. गप ऱ्हा जरा," ते म्हणाले. "मला आयकू येतंय."

पडाव खाली गेला की बोटीच्या अंगावर पाणी फुटायचं आणि वर आला की तो आवाज दबायचा. मामंजींनी मान वाकडी करून एक-दोन लाटा जाऊ दिल्या. मग माझं मनगट सोडून असा पाय टाकला, जसा घरच्या ओट्यावरच चढताहेत. खलाशाला त्यांना ओढावंही लागलं नाही. माझी मात्र एक चप्पल पाण्यात गेली, आणि ती गोष्ट मी वाडीत बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

डेकवर गेल्यावर मामंजींनी स्वतःच जागा शोधली. हातानं चाचपत चाचपत त्यांना एक उबदार भिंत सापडली, आणि थंड डोंगरातला माणूस उबेला नाही म्हणत नाही. ती इंजिनाच्या खोलीची भिंत होती. तासाभरात आम्ही दोघं भाजून निघालो. घोंगडी घेऊन मधल्या भागात आलो तोवर चांगल्या जागा जाणत्यांनी धरल्या होत्या. तुम्ही कुठल्याही बोटीत बसलात तरी हे लक्षात ठेवा. फार उंचावर जाऊ नये, टोकाला जाऊ नये आणि इंजिनाला चिकटू नये. मध्ये बसावं, लांबवर नजर ठेवावी, तोंडात आवळासुपारी धरावी.

हे सगळं मी पाळलं आणि तरी अलिबागच्या आसपास कठड्याला धरून ओकत उभी राहिले. मामंजींना काही झालं नाही. आमटी-भात जागच्या जागी राहिला. ते मला धीर देत होते, पाठीवरून हात फिरवत होते, आणि आजूबाजूच्यांना सांगत होते की पोरीला बोटीची सवय नाही. मला इतका राग आला की थोड्या वेळानं बरंच वाटलं.

एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. मामंजींनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. एसटी थांब्याला उभी राहते तशी बोटही कुठंतरी उभी राहील आणि मग उतरून लघवीला जाता येईल, अशी त्यांची समजूत होती. बोटीत सोय असते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सुनेला विचारणार कसे? शेवटी एका म्हाताऱ्या उतारूला मी खुणेनं सांगितलं आणि तो त्यांना हाताला धरून घेऊन गेला. परत आल्यावर ते तांब्याभर पाणी प्याले.

मुंबईचे दिवे दिसले आणि सगळे नवखे सामान डोक्यावर घेऊन उभे राहिले. बोट लागायला बराच अवकाश होता. मीही मोळी घेऊन उभी होते. भाऊच्या धक्क्यावर हे उभे होते. त्यांनी आधी वडिलांच्या पायांना हात लावला आणि मग मोळीकडे बघितलं. ती चाळीतल्या बंबात गेली.

इस्पितळाचं फार लिहीत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून मामंजींना हलायचं नाही असं निजवून ठेवलं होतं. मी चमच्यानं पेज भरवायचे आणि ते वाडीतल्या म्हशीची चौकशी करायचे. पट्टी निघाली, काही दिवसांनी जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मी पदर पुढे ओढून उभी होते.

"तू हायस व्हय?" ते म्हणाले. "मला वाटला जाडजूड असशील. पाय आपटतेस केवढी."

वॉर्डातले सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला रडू आलं.

परतीच्या बोटीत मामंजी तांडेल झाले. वैशाख लागला होता, दर्या जरा खवळलेला होता. त्यांनी मळकं धोतर नेसलं, मधली जागा धरली आणि इंजिनाच्या भिंतीला टेकणाऱ्या प्रत्येकाला उठवलं. माणगावकडची एक नवी नवरी रडवेली झाली होती, तिला पडावात कसं उतरायचं ते समजावून सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही, मी आंधळा असून चढलो, असं ते तिला म्हणाले. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

बाणकोट आलं. नवरी उतरली. मग मामंजी दारात उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. पडाव वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. मागची माणसं ढकलायला लागली. मी पुढे जाऊन बघितलं तर दाराची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"एवढा पानी होता व्हय गो, जाताना?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"तू बोलली नायस."

त्यांनी चष्मा काढला, माझ्या हातात दिला, डोळे मिटले आणि लाटेचा आवाज दबताच पाय टाकला. दृष्टी आणायला गेलेला माणूस डोळे मिटून उतरला, असं पुढे ते स्वतःच सगळ्यांना हसून सांगायचे.

वाडीत पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. भावकी चष्मा बघायला जमली. घरात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून मी हंडा-कळशी घेऊन निघाले. वैशाखात आमचा वरचा झरा आटतो, मग खाली दरीत उतरावं लागतं. कडा उभा, वाट एका पावलापुरती. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, अशी मी वर आले तर मामंजी ओटीवर एकटेच बसले होते, चष्मा लावून, वाटेकडे तोंड करून. माणसं गेली होती. मी पाणी ठेवलं, भाकऱ्या थापल्या, हाक मारेपर्यंत ते ओटीवरून हलले नाहीत. जेवले नीट. मला वाटलं प्रवासानं दमले असतील.

निजायच्या आधी ते म्हणाले, "चार वर्सं मी तांब्या मागितला की तू दिलास. पानी कुठनं येतं ते मला आज दिसला."

मी म्हटलं, सगळ्याच बायका आणतात.

"आणत असतील. पाऊस लागायच्या आत तू मुंबईला जा. बोट बंद होईल मग."

आणि तुमचं कसं होईल, असं मी विचारलं. खरं तर विचारायचं नव्हतं. चार वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होते, ते समोर आलं होतं, गप्प बसून घ्यायला हवं होतं. मामंजी म्हणाले, मला आता दिसतं, दिसणाऱ्या माणसाला कोण लागतं.

मी पाऊस लागायच्या आत गेले, ती कायमचीच. बोटी पुढे बंद पडल्या, चाळ गेली, गिरणी गेली. ह्या प्रवासातून मागे काय उरलं असं कुणी विचारलं तर समुद्राआधी मला त्या रात्रीनंतरची सकाळ आठवते. उठले तर कळशी जागेवर नव्हती. बाहेर आले. मामंजी त्या उभ्या वाटेनं वर येत होते, खांद्यावर कळशी, फेटा भिजलेला, निम्मं पाणी सांडलेलं. आमच्याकडे पुरुष पाणी भरत नसत, त्यामुळे बाया तोंडाला पदर लावून वाटेच्या कडेला उभ्या होत्या. मी धावत खाली गेले आणि कळशी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही.