टोरीचं तेल आणि माझं पेटंट

माझ्या नावावर एक पेटंट आहे, हे मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगत असे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालाही सांगितलं आहे, आणि त्याने वरण वाढणाऱ्याकडे बघत "अच्छा" म्हटल्यावर मला त्याचा रागही आला आहे. आता कोणाला सांगत नाही. दुसऱ्या कोणी विषय काढला तर पाणी प्यायला उठतो.

वस्तू साधी आहे. केबल उघड्यावर लोळू नयेत म्हणून त्या प्लास्टिकच्या पन्हळीतून नेतात. अशा दोन पन्हळींची टोकं एकमेकांना धरून ठेवणारा वीतभर लांबीचा तुकडा म्हणजे कपलर. तो मी काढलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जीभ आहे. पन्हळ आत सरकवली की जीभ पन्हळीच्या भोकात बसते आणि खट् असा आवाज होतो. त्या आवाजासाठी मी साचा कितीदा बदलला याची गणती नाही. गोंदियाच्या बाहेर, दोन राइस मिलच्या मधे आमचं लहानसं वर्कशॉप आहे. धंदा मालक बघतात, डिझाइन माझं.

पेटंट कार्यालयाने अर्ज नामंजूर केला. असे जोड आधीपासून बाजारात आहेत, यात नवीन ते काय, असं त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस जेवलो नाही. मालकांनी वकील गाठला आणि हायकोर्टात अपील केलं. वकिलाने फोनवर मला एकच गोष्ट तीनदा समजावली. बाकीच्या जोडांना स्क्रू लागतो, पाना लागतो. तुमच्या जोडाला नुसते हात पुरतात. सगळं अपील या एका गोष्टीवर उभं आहे, तेव्हा प्रत्यक्ष कामावरचा व्हिडिओ काढा आणि सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र द्या.

कोहमाऱ्याजवळ तेव्हा एक सोलर प्लांट उभा राहत होता आणि तिथे आमच्याच पन्हळी बसत होत्या. मी गेलो तो ऐन थंडीत. थंडीत प्लास्टिक ताठ होतं, जीभ वाकायला बघत नाही. वर्कशॉपच्या उबेत हे मला कधी दिसलं नव्हतं. माणसं कपलरवर, त्यांच्या भाषेत चिमट्यावर, गुडघा टेकवून जोर लावत होती, एक जण तर दगडाने ठोकत होता.

फक्त एका ओळीतून खट्, खट् असा आवाज येत होता. तिथे पन्नाशीची एक बाई बसली होती, कानांना मफलर गुंडाळलेला. चार जोड झाले की ती कमरेची पानाची पुडी सोडायची, त्यातला पांढरा गोळा बोटाने घ्यायची आणि तळहाताच्या भेगांना चोळायची. त्याच हातांनी पुढचा कपलर धरायची. तेल कडांना लागायचं आणि जीभ अलगद सरकायची. मी जवळ गेलो आणि वासावरूनच ओळखलं. टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं, थंडीत तुपासारखं गोठतं.

तो वास मला ओळखावा लागला नसता तर बरं झालं असतं. मी देवरीकडचा. माझी आई हेच तेल माझ्या डोक्याला थापायची. शिकायला गोंदियाच्या होस्टेलवर आलो तेव्हा खोलीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी खिडकी उघडली आणि नाक धरून हसले. मी नळाखाली बसून कपड्यांच्या पावडरने डोकं धुतलं. पुढच्या सुट्टीत आई तेल घेऊन आली तेव्हा मी मान बाजूला केली. तिने पुन्हा कधी आग्रह केला नाही. साइटवर मी हिंदीतच बोलतो; गावची बोली लपवायची सवयही त्याच दिवसांची.

त्या बाईवर मी ओरडलो तोही हिंदीतच. "ये क्या लगा रही हो? इससे प्लास्टिक सड जाएगा!" असं काही होत असल्याचं मला मुळीच माहीत नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. सगळ्या बाया काम थांबवून बघत होत्या. तिने घाईघाईने हात लुगड्याला पुसले.

"मालूम नोहतं जी," ती म्हणाली.

आठवड्याने मी व्हिडिओ काढायला परत गेलो. कोरड्या हातांनी कोणाचाच जोड एका दाबात बसेना. दोघांचं चित्रण करून पाहिलं. दोन्ही वेळा तोंडं वेडीवाकडी आणि गुडघे मधे. शेवटी मी त्याच बाईला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणालो, "आज लगा लो. सिर्फ आज."

तिने माझ्याकडे पाहिलं. "सडन नं साहेब?"

"एक से कुछ नहीं होता."

तिने पुडी सोडली, हात चोळले आणि कपलर बसवला. खट्. व्हिडिओत तिचा मफलर दिसतो, हात दिसतात, आणि त्या हातांवर ऊन चमकतं. मला हवं होतं ते मिळालं. निघताना मी तिच्या पुडीतला थोडा गोळाही मागून घेतला.

वर्कशॉपमधे मी एक कपलर त्या तेलात महिनाभर बुडवून ठेवला. काढला तेव्हा तो नवा होता तसाच होता. वाकवून पाहिला, ताणून पाहिला, काही फरक नाही. हे जाऊन त्या बाईला सांगायला हवं, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. पण अपिलाची तारीख होती, मग मशीन बिघडली, मग आणखी काही. कोहमारा काही परदेशात नाही. गोंदियाहून सकाळी निघालेला माणूस काम उरकून दुपारी घरी जेवायला येतो.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर वकिलाने पाठवला. "कोणतेही हत्यार, स्क्रू, चिकटद्रव्य अथवा अन्य पदार्थ न वापरता, केवळ हाताच्या दाबाने." मी "अन्य पदार्थ" या दोन शब्दांपाशी थांबलो. वकिलाला फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. मग नोटरीसमोर बसून सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सुनावणी व्हिडिओवर होती. मी मालकांच्या केबिनमधे इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. कोर्टात तिच्या हातांचा व्हिडिओ चालवला, आणि तो संपल्यावर न्यायमूर्तींनी आमच्या वकिलाला विचारलं, या हातांवर चमकतंय ते काय आहे? वकिलालाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, शोध लावणारे स्वतः हजर आहेत, परवानगी असेल तर त्यांनाच विचारू. परवानगी मिळाली. स्क्रीनवर माझा चेहरा मोठा झाला.

मी म्हणालो, "घाम आहे."

बाईच्या कानांना मफलर होता. श्वासाची वाफ दिसत होती. एवढ्या हुशार माणसांत कोणाच्याच ते लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी सोडून दिलं, मला आजही माहीत नाही. पुढचं बोलणं मला ऐकूच आलं नाही.

अपील मंजूर झालं. अर्ज नव्याने तपासायला परत गेला आणि यथावकाश पेटंट मिळालं. मालकांनी अख्ख्या वर्कशॉपला पेढे वाटले आणि प्रमाणपत्र माझ्या टेबलामागे लावलं. मी खुर्ची फिरवून बसायला लागलो, म्हणजे ते पाठीमागेच राहील.

मग पुन्हा थंडी आली आणि गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. कपलर बसत नाही. हाताने तर बसतच नाही. मालक मला म्हणाले, "अरे, कोहमाऱ्याला बायांनी सगळा प्लांट बसवला ना? त्यांची काय रीत होती, जाऊन विचार." मी होकार दिला. दुसरं काय करणार होतो?

ती तिथेच सापडली. प्लांट चालू झाल्यावर तिला पॅनेलखालचं गवत काढायच्या कामावर ठेवलं होतं. या वेळी माझ्याने हिंदी बोलवेना. "मावशी, ओळखलं का जी?"

ती हसली. "चिमट्यावाले साहेब. तुमी इकडलेच होय का? मले वाटे, हिंदीवाले असान."

मी विचारलं, व्हिडिओनंतर बाकीचे जोड कसे बसवले.

"कोरड्या हातानं," ती म्हणाली. "तेलानं सडते म्हणून तुमीच तं सांगतलं. मी समद्या बायांले बोलली, राखेनं हात धुवून येत जा."

तिचे तळहात पांढरे पडले होते आणि भेगांत माती बसली होती. मी विचारलं, आता तरी तेल का लावत नाही? ती म्हणाली, "इथं समदं प्लास्टिकच हाये नं." मग माझं लक्ष तिच्या उजव्या अंगठ्याकडे गेलं. तो ताठ बाजूला राहिला होता आणि ती चार बोटांनीच गवत धरत होती.

"थो वाकत नाई आता," ती म्हणाली. "चिमट्याले त्याचाच जोर लागे. थंडीत दुखते."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती उठली, "या इकडं" म्हणाली आणि मला ओळीच्या टोकाला घेऊन गेली. तिथे एका कपलरला तिने लाल चिंधी बांधून ठेवली होती.

"तुमी तेल लावाले सांगतलं, थो हाच. मले लय भेव होता. सडला तं माह्यावर येईन, तुमच्यावरही येईन. आठ-आठ रोजानं पाहून जाते." तिने तो ताठ अंगठा कपलरच्या कडेवरून फिरवला. "पण नाई सडला जी. पाहा तुमी."

मी पाहिलं नाही. मी म्हणालो, "मावशी, तेलानं सडतच नाई. मले माहीत होतं."

"कवापासून?"

"तुमचा व्हिडिओ काढला, त्याच्या महिनाभरानं."

तिने कपलरवरचा अंगठा काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग काऊन नाई सांगतलं?"

हायकोर्टात मला उत्तर द्यायला क्षणही लागला नव्हता. तिने कपलरवरची चिंधी सोडून कमरेला खोचली, खाली बसली आणि चार बोटांनी गवत उपटायला लागली.